हिल्माच्या तळघरातली दारू

आमच्या घरात दारू शिरली ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून, आणि बसली कुठे, तर माझ्या कोठीत, साखरेला खेटून. देवाच्या कृपेने ती प्यायची नव्हती, बंदुकीची होती. पण ज्या दिवशी मला ती सापडली, त्या दिवशी प्यायची परवडली असती असं वाटून गेलं. प्यायलेल्या नवऱ्याला निदान झोप तरी लागते. सेल्मरच्या डोळ्यांत त्या आठवड्यात झोप नव्हती, नुसती चमक होती.

गोष्ट मात्र सेल्मरची नाही. हिल्मा ब्रेकनची आहे.

हिल्माने आमच्या ड्राय फोर्क गावच्या शाळेत स्वयंपाकीण म्हणून सगळ्या गावाला जेवू घातलंय. आज पन्नाशी ओलांडलेले, पोटं सुटलेले शेतकरी चर्चच्या तळघरात तिच्यासमोर आले की हातातली ताटली आपोआप पुढे धरतात, आणि ताटलीत गाजर उरलं असेल तर ते मुकाट्याने संपवतात. माझा नवराही त्यातलाच. तिला तो अजून 'मिसेस ब्रेकन'च म्हणतो. उंच, हाडापेराने मजबूत, भजनमंडळात खालच्या पट्टीत गाणारी बाई. एप्रनला दोन खिसे. एकात रुमाल, दुसऱ्यात छोटी विजेरी. विजेरी कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणते, "लोकांच्या डोक्यात काही आहे का ते बघायला."

तिच्या घराच्या तळघरात दोन खोल्या. पहिलीत मुरवलेलं बीट, पीचच्या फोडी, काकडीची लोणची, सगळ्या बरण्यांवर चिठ्ठ्या. दुसरीला कुलूप. त्या खोलीत एक जाड लाकडी टेबल, त्यावर उभ्या दांड्याचं लोखंडी यंत्र, एक नाजूक काटा आणि जाडजूड पुस्तक. तिथे हिल्मा रायफलची काडतुसं भरते. बार उडून गेला की मागे पितळी पुंगळी उरते. हिल्मा ती जमवून आणते, धुते, घासते, यंत्रात दाबून मूळच्या मापाला आणते, बुडाशी नवी टिकली बसवते, मोजून दारू घालते आणि तोंडाशी नवी गोळी दाबते. गावातले निम्मे पुरुष हे काम करतात, पण हरणाच्या शिकारीच्या मोसमाआधी अडलं की हळूच तिच्याच दाराशी येतात.

नवे पास्टर पहिल्यांदा तिच्याकडे गेले, तेव्हा तिने त्यांना तळघर दाखवलं. यंत्राकडे बघून ते म्हणाले, "वा, हे कॉफी दळायचं का?"

"हो तर," हिल्मा म्हणाली. "प्रवचन लांबणार असलं की जास्त दळून आणते."

पास्टर भला माणूस. त्यांना खरं काय ते नाताळात कळलं. तोवर त्यांची प्रवचनं बरीच आटोपशीर झाली होती.

आता सेल्मरचं काय झालं ते सांगते. त्याला काडतुसं भरायचं खूळ लागलं ते माझ्या भावामुळे. वेंडेल माझा धाकटा भाऊ, आणि सेल्मरला चिडवणं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क. आमच्याच टेबलावर, माझंच जेवण जेवत तो म्हणाला, "सेल्मर, विकतच्या काडतुसाने मारलेलं हरीण म्हणजे विकतचाच केक की रे. वाढदिवस होतो, पण आईच्या हातचं नाही."

सेल्मर काही बोलला नाही. आमच्याकडचे पुरुष काही बोलत नाहीत, तिथेच घोटाळा असतो. त्यानंतर म्हाताऱ्या टोर्गरसनच्या घरचं सामान लिलावात निघालं, तिथून हा एक जुनं यंत्र आणि दारूचे दोन अर्धवट डबे घेऊन आला. शिकायला कुणाकडे गेला नाही. मिसेस ब्रेकनकडे जाऊन 'मला येत नाही' म्हणायचं, म्हणजे पुन्हा शाळेच्या रांगेत ताटली घेऊन उभं राहायचं.

मला पत्ता लागला तो लेफ्सा करायला पाट काढला तेव्हा. बटाट्याच्या पोळ्या लाटायचा माझा गोल पाट, आणि त्याच्या कडेला लोखंडी पकडीचे दोन खोल चावे. मग कोठीत बघते तर मापाचा लहान चमचा काळपट, आणि साखरेशेजारी आइस्क्रीमच्या डब्यात काळे बारीक दाणे. आधी मला आपली खसखसच वाटली. माझी आई काळ्या खसखशीचा केक करायची, मीही करते, आणि माझी खसखसही अगदी तसल्याच डब्यात, त्याच फळीवर असते. आमच्याकडे आइस्क्रीमचा डबा फेकणं म्हणजे जवळपास पाप. बोट घालून वास घेतला, तेव्हा कळलं की ही खसखस नाही.

"हे काय आहे?" मी जेवताना विचारलं.

"दारू."

"तिचे डबे होते ना?"

"दोन होते. दोन्ही अर्धेअर्धे. दोन डब्यांची जागा कशाला अडवायची? एकात एक ओतली, ती या डब्यात, आणि जुने डबे फेकून दिले." वर अभिमानाने म्हणाला, "तुझी कोठी आवरली मी."

पुढच्या बैठकीला चर्चमधल्या आम्ही बायका गोधडी शिवत होतो. मी हसत हसतच हे हिल्माला सांगितलं, की बघ, जन्मात कधी कपाट न आवरणारा माझा नवरा आता डबे आवरायला लागलाय. हिल्माची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली.

"एकात एक ओतली?"

"हो. दिसायला सारखीच आहे गं."

"आणि काडतुसं भरली त्यातून?"

"डबाभर. मोसम उघडला की तीच नेणार म्हणतो, वेंडेलला दाखवायला."

हिल्माने सुई उशीत खोचली आणि मला कोट चढवायला लावून आपल्या घरी नेलं. तिच्या तळघराच्या दाराशी कपडे वाळत घालायला एक लोखंडी नळी टांगलेली आहे. मी ती कित्येक वर्षं बघतेय. त्या दिवशी तिने वरचा टॉवेल काढला. नळी एका बाजूने सालपट काढलेल्या केळ्यासारखी उलगडलेली होती.

"ही ऑस्करची रायफल," ती म्हणाली. ऑस्कर तिचा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली. "रेडिओवर सामना लावून भरत बसला होता. मध्ये कुणीतरी आलं, गप्पा झाल्या, आणि एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली. देवाने डोळा वाचवला. कान गेला. त्या कानाशी मी पुढे काय काय बोलले ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही, तेवढाच फायदा. पण त्या दिवसापासून टेबल माझं झालं."

"पण सेल्मरने दोनदा कुठे घातलीय?"

"त्याने त्याहून शहाणपणा केलाय. अर्लिस, दारू दिसायला सारखी असली तरी एक झपकन जळते, एक दमाने जळते. प्रत्येकीचं माप वेगळं, ते पुस्तकात छापलेलं असतं. मिसळलेलीचं माप कुठल्याच पुस्तकात नाही. बार बरा उडेल, फुसका निघेल, की बंदुकीचा मागचा लोखंडी तुकडा कपाळात बसेल, ते त्यालाही ठाऊक नाही, मलाही नाही."

मी घरी आले ती नळी डोळ्यांपुढे घेऊन. सेल्मरला सरळ सांगितलं. हिल्माचं नावही घेतलं, चूकच झाली. तो शांतपणे बटाट्याला लोणी लावत राहिला.

"तू आठवड्याची उरलीसुरली भाजी एकत्र करून भाजतेस, तेव्हा मी विचारतो का कुठली कुठली आहे?"

"भाजी तोंडावर फुटत नाही."

"मागच्या महिन्यातली फुटायचीच बाकी होती," तो म्हणाला आणि गालातल्या गालात हसला. विषय संपला. काडतुसं बंदुकीच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात, आणि मोसम पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी. मी प्रार्थना केली. देवावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण सेल्मर इतका हट्टी आहे की देवालाही हाताशी कुणीतरी लागेल असं वाटलं. म्हणून शुक्रवारी पुन्हा हिल्माकडे गेले.

हिल्माने ऐकून घेतलं. "त्याला मरायची भीती वाटत नाही," ती म्हणाली. "पुरुषांना नाही वाटत. त्यांना वाटतं तो प्रसंग दुसऱ्या कुणावर यायचा असतो. सेल्मरला भीती कशाची आहे? तिसरीत असताना दुधाचा ट्रे सांडला, सगळी रांग हसली, तर हा आठवडाभर घरून डबा आणून बाहेर पायरीवर जेवत होता. अर्लिस, तुझी खसखस कशात असते म्हणालीस?"

"आइस्क्रीमच्या डब्यात."

"त्याच्या दारूशेजारी?"

"त्याच फळीवर."

हिल्माच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जे शाळेतल्या मुलांना पालकाची भाजी वाढताना यायचं. "उद्या खसखशीचा डबा घेऊन ये. माझ्याकडे दे."

"हिल्मा, मी खोटं बोलणार नाही. चर्चमध्ये तर नाहीच."

"मी सांगितलंय का खोटं बोल म्हणून? तू डबा माझ्या हातात दे आणि पाठ फिरव. मी तो कुठे ठेवला ते तुला ठाऊक नसेल. मग तुझा डबा कुठे आहे ते तुला माहीत नाही, हे अगदी बायबलवर हात ठेवून म्हणता येईल."

मी त्यावर बराच विचार केला. त्यात खोटं काही सापडलं नाही. शनिवारी डबा दिला आणि पाठ फिरवली.

रविवारी उपासना झाली. तळघरात कॉफी सुरू झाली. सेल्मर, वेंडेल, धान्य कोठारावरचे दोघेतिघे एका टेबलाशी. हिल्मा किटली घेऊन आली, मी मागून ताटली घेऊन.

"अर्लिस," हिल्मा भजनातल्या त्याच भरदार आवाजात म्हणाली, "खसखशीचा केक नाही आणलास?"

"डबाच सापडत नाहीये," मी म्हणाले. "कोठीत एकच डबा उरलाय, त्यात सेल्मरची दारू आहे."

"दारूसुद्धा आइस्क्रीमच्याच डब्यात?" हिल्माने किटली खाली ठेवली. "एकाच फळीवर? बाई गं. सेल्मर, काडतुसं भरलीस त्या दिवशी चिठ्ठी बघितली होतीस ना डब्यावरची?"

"चिठ्ठी नाहीये त्यावर," सेल्मर म्हणाला.

"मग कुठल्या डब्यातून भरलंस?"

वेंडेलने कप खाली ठेवला. माझ्या भावाला देवाने फार बुद्धी दिली नाही, पण अशी संधी तो कधी सोडत नाही.

"सेल्मर, पहिलं हरीण दिसलं की तू केक फेकून मारणार?"

कोठारावरचे लोक हसले. कुणी म्हणालं, चाप ओढल्यावर 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' असा आवाज येईल. कुणी विचारलं, भाजायला किती वेळ लागतो. सेल्मर कॉफी पीत राहिला, पण त्याची मान कॉलरच्या वर लाल होत गेली. हिल्मा तोवर पुढच्या टेबलाला कॉफी वाढत होती, जणू तिचा यात काही संबंधच नाही.

घरी आल्यावर तो सरळ कोठीत गेला. डबा उघडून वास घेतल्याचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत आला. डब्यात दारूच होती. पण तिचा काय उपयोग? प्रश्न काडतुसांत काय आहे हा होता, आणि काडतुसाचं तोंड बंद. उघडून बघायची खास पोकळ हातोडी लागते. ती त्याच्याकडे नव्हती, वेंडेलकडे मागायची तर जीव दिलेला बरा.

सोमवारी दुपारी सेल्मर हिल्माच्या दाराशी उभा राहिला. पुढचं तिने मला सांगितलं, आणि नंतर त्यानेही, थोडं कमी करून.

"मिसेस ब्रेकन, इथून चाललो होतो."

"कोटाखाली काय आहे?"

त्याने काडतुसांचा डबा काढून दिला. ती हसली नाही. तळघरात नेलं, त्याला गोल काचांचा चष्मा घालायला लावला, स्वतः घातला. दुसऱ्या खोलीत गेल्यावर तिने दार बंद केलं. टेबलावर काही नव्हतं. दारूचे सगळे डबे मागच्या कपाटात, आपापल्या मूळ डब्यांत, टिकल्या निराळ्या कप्प्यात.

"रेडिओ नाही लावत तुम्ही?"

"गाणं ऐकायचं असलं तर चर्चमध्ये जाते."

एक एक काडतूस हातोडीच्या डोक्यात अडकवून ठोकायचं, गोळी निघते, दारू सांडते. पहिल्यातून काळे दाणे पांढऱ्या कागदावर पडले. सेल्मरने वाकून वास घेतला आणि पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. "दारूच आहे."

"हो," हिल्मा म्हणाली. "कुठली?"

तो पुन्हा वाकून वास घेऊ लागला.

"एका काडतुसातली दे इकडे. आता दुसऱ्यातली." तिने दोन्ही काट्यावर ठेवल्या. काटा दोन वेगळ्या जागी थांबला. "कशाने मोजलीस?"

"अर्लिसच्या चमच्याने."

"तो चमचा आता केकात घालायचा नाही. तिला नवा आणून दे. यातलं काही स्वयंपाकघरात जात नाही, आणि स्वयंपाकघरातलं काही इथे येत नाही. हात धुतल्याशिवाय मी जेवायला बसत नाही, तू बसतोस?"

सगळी काडतुसं उघडून झाली. शेवटी पांढऱ्या कागदावर काळी रास. सेल्मर म्हणाला, निदान ही तरी वाया घालवू नका, थोडी कमी घालून वापरता येईल. हिल्माने त्याला मागच्या अंगणात नेलं. खडीवर, घरापासून आणि वाळल्या गवतापासून लांब, तिने त्याच्याकडून दारूची एक पातळ लांब रेघ ओतून घेतली. पाण्याची बादली शेजारी ठेवली, उरलेली दारू घरात परत नेऊन ठेवली, आणि लांब काठीला पलिता बांधून त्याच्या हातात दिला.

रेघ पेटली. बार वगैरे नाही, मोकळ्या हवेत दारू नुसती जळते. पण जळली ती वेडीवाकडी. थोडी रेंगाळली, सुस्तावली, मग अचानक हातभर अंतर झपकन खाऊन गेली, पुन्हा रेंगाळली, पुन्हा झपकन. शेवटपर्यंत तसंच, धड एकदाही एका चालीने नाही. सेल्मर काठी हातात धरून उभा होता. हिल्मा म्हणते, त्या वेळी त्याचा हात हळूच वर गेला आणि त्याने आपला उजवा गाल चाचपला, जिथे रायफलचा दस्ता टेकतो तिथे.

"कुठल्या काडतुसात कुठला तुकडा गेला असता ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "तुला येतं?"

"नाही, मिसेस ब्रेकन."

उरलेलीही त्यांनी तशीच थोडी थोडी करून जाळली. मग दोघांनी कोपरापर्यंत हात धुतले, आणि वर स्वयंपाकघरात तिने त्याला कॉफी दिली आणि केकचा तुकडा. सेल्मरने निम्मा खाल्ला. मग चावणं मंद झालं. त्याने उरलेल्या तुकड्याकडे नीट बघितलं, त्यातल्या काळ्या दाण्यांकडे बघितलं, मग हिल्माकडे.

"ही अर्लिसची खसखस आहे."

"चांगली आहे. थोडी जुनी, पण चांगली."

तो खिडकीबाहेर बघू लागला. हिल्माला वाटलं, आता हा आठवडाभर पायरीवर जाऊन बसणार. पण त्याने केक संपवला, ताटली पुढे केली आणि म्हणाला, "आणखी आहे का?" आणि तो दुसरा तुकडा खाता खाता, तिच्याकडे न बघता, "सुरुवात कुठून करतात?"

हिल्माने त्याला पुस्तक दिलं, की आधी हे वाच, यंत्राला हात लावायच्या आधीची पानंसुद्धा वाच, सगळे तीच सोडतात. आणि एक बादली दिली, शाळेत दूध सांडलं की पुसायला द्यायची तशीच, पण मळक्या पुंगळ्यांनी भरलेली. धू, पूस, प्रत्येक हातात घेऊन बघ, चिरलेली दिसली की बाजूला टाक. सेल्मर त्या आठवड्यात रोज संध्याकाळी जाऊन पुंगळ्या धूत होता. दारू कधी, असं विचारलं तर ती म्हणायची, "ज्या दिवशी तू विचारायचा थांबशील त्या दिवशी. आणि तेव्हाही पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून. तोंड बंद करायच्या आधी प्रत्येक पुंगळीत विजेरीने डोकवायचं. एकही नाही सोडायची."

डब्यात उरलेली दारूही सेल्मरने हिल्माकडे नेऊन जाळली, पण माझ्या कोठीला मी तेव्हापासून कुलूप लावलं. किल्ली एप्रनच्या खिशात.

शनिवारी मोसम उघडला. सेल्मरने बिग टिंबर गावच्या दुकानातून विकतची काडतुसं आणली होती, लपवलीही नाहीत. गाडीच्या पुढच्या फळीवर सरळ ठेवली. वेंडेल शेजारी बसला, त्याने डबा बघितला आणि त्याला जसा हवा तसा घास मिळाला.

"विकतचा केक आणलास की शेवटी."

"हो," सेल्मर म्हणाला. "मी मिसेस ब्रेकनकडे शिकतोय. सध्या पुंगळ्या धुतोय."

वेंडेल मनसोक्त हसला. सकाळभर, बर्फातून चालताना, थर्मासमधली कॉफी पिताना, अधूनमधून आठवून हसत राहिला. सेल्मरला दुपारी एक तरुण नर मिळाला, एकाच बारात. वेंडेलला काही मिळालं नाही. परतताना आमचं शेत दिसायला लागलं, तेव्हा त्याने खिडकीकडे तोंड करून विचारलं, "बरणीवर चिठ्ठी नसेल तर मिसेस ब्रेकन काय करायला सांगतात?"

"कुठली बरणी?"

"माझ्याकडे एक आहे. दारूची, बाबांच्या वेळची. त्यात मी मध्ये थोडी दुसरी घातली होती. जागा वाचावी म्हणून. अजून वापरलेली नाहीये." थोडं थांबून म्हणाला, "बहुतेक."

सेल्मर हसला नाही. हे मला वेंडेलनेच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याला अजून त्याचं नवल वाटत होतं. सेल्मरने आमच्या फाटकाशी वेग कमी केला, दारात उभ्या असलेल्या मला हात केला आणि गाडी सरळ पुढे नेली, आधी वेंडेलच्या घरी बरणी उचलायला, आणि तिथून हिल्माकडे. हरीण तसंच गाडीत मागे पडून होतं.